सोयराबाईंचा चौकोन

नकाशाप्रमाणे हेब्बाळच्या तळ्यापलीकडची आमच्या कारखान्याची जमीन रिकामी होती. त्या रिकाम्या जमिनीवर एक कौलारू घर होतं, घरात सोयराबाई मोहिते राहत होत्या, आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला ताक दिलं. ताक चांगलं होतं. सरकारी नोंदीप्रमाणे मी ते प्यायलोच नव्हतो.

साल त्रेसष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही; सरकारी होता, एवढं पुरे. तिथे नवी ओतशाळा उभी करायची होती, आणि मी नियोजन विभागात मदतनीस होतो. म्हणजे पेन्सिलींना टोक करायचो. विभागाचे प्रमुख नरसिंहराव माझ्या आईचे चुलत मामा. चामराजपेटेत घरी भेटले की 'मामा', कचेरीत 'सर', आणि बसमध्ये भेटले तर आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायचो.

मामा त्या वर्षी अमेरिकेत एक कोर्स करून आले होते. येताना दोन झाडं घेऊन आले. पहिलं कामाचं झाड. सगळ्यात वर एकच चौकोन: ओतशाळा. त्याखाली पाया, भिंती, भट्टी, वीज, पाणी. मग पायाची फोड, भट्टीची फोड, फोडीची फोड, असं खाली खाली यायचं, एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढंच काम चौकोनात उरेपर्यंत. दुसरं माणसांचं झाड. वर जनरल मॅनेजर, मग खाती, मग विभाग, आणि तळाला माझ्यासारखा पालापाचोळा. दोन्ही झाडांची मुळं वर आणि पानं खाली होती. वटवाघळाला ती अगदी बरोबर दिसली असती.

नियम एकच होता. कामाच्या झाडाच्या शेवटच्या प्रत्येक चौकोनात माणसांच्या झाडावरचं एक नाव लिहायचं. रिकामा चौकोन चालणार नाही. दोन नावंही चालणार नाहीत, कारण दोन नावं म्हणजे दोघंही घरी.

"गुंडो, आपल्याकडे कामं का होत नाहीत ठाऊक आहे?" मामा मला म्हणाले. "कारण ती कुणाचीच नसतात. आता प्रत्येक काम कुणाचं तरी असेल."

दिल्लीलाही हे पटलं. तिकडून निरोप आला की भरलेला तक्ता पाठवा, मग पोलाद सोडू.

आम्ही तक्ता भरला. एक चौकोन उरला. त्यात लिहिलं होतं, 'अडथळा दूर करणे: घर, एक.'

सोमवारच्या बैठकीत मामांनी बांधकामाच्या नंदकिशोरकडे बघितलं. नंदकिशोर म्हणाला, "मी बांधतो. पाडणं माझ्या खात्यात येत नाही."

मग जमीन आणि पहारा अशी दोन्ही खाती सांभाळणाऱ्या विश्वासरावांकडे बघितलं. विश्वासराव म्हणाले, "मी रिकामी जमीन ताब्यात घेतली. तशी पावती आहे. रिकाम्या जमिनीवर घर असू शकत नाही."

"पण आहे ना!"

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण मी ते हटवलं तर ते होतं असं होईल. मग पावती खोटी पडेल."

पोलीसही एकदा येऊन गेले होते. त्यांनी नकाशा बघितला, घर बघितलं, पुन्हा नकाशा बघितला, आणि ताक पिऊन परत गेले.

तेव्हा मामांनी मला पाठवलं, बाईंची भाषा मराठी म्हणून. मामांची भाषाही मराठीच. पण ती ते उंबऱ्याच्या आत ठेवून कचेरीत यायचे.

सोयराबाईंचं मराठी तीनशे वर्षं कानडीच्या शेजारी राहिलेलं होतं. अधूनमधून ते भिंत ओलांडून जायचं आणि परत यायला विसरायचं. "राजांच्या घोड्यांबरोबर आलो म्हणे आम्ही," त्या म्हणाल्या. "घोडी गेली. आम्ही राहिलो. ताक आणि घे की, तम्मा."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना अज्जी म्हणत होतो. आमचं नातं पहिल्या दिवसापासून गोंधळाचं.

"अज्जी, घर रिकामं करायला हवं."

"करते की. नको कोण म्हणतं? कृष्णाजी येऊ दे."

कृष्णाजी त्यांचा मुलगा. मागच्या वर्षी त्याची पलटण हिमालयाकडे गेली. पलटण परत आली, कृष्णाजी आला नाही. मेला असंही कुणी सांगेना. सैन्याच्या दप्तरी तो बेपत्ता होता.

"शाळेत त्याला काही म्हणून यायचं नाही," सोयराबाई म्हणाल्या. "मास्तर विचारायचे, निदान घर कुठं ते तरी सांग. मग घडघड सांगायचा. तळ्याकडे, चिंचेच्या पुढं, फणसाच्या लाकडाचं दार. एवढाच पत्ता त्याला पाठ आहे. मी दुसरीकडे गेले तर तो कुठं येणार, सांग तू."

मी हे कचेरीत येऊन मामांना सांगितलं. मामांनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. कोर्समध्ये कृष्णाजीबद्दल काही शिकवलेलं नव्हतं.

"तिचं नाव लिही," ते म्हणाले.

"कुठे?"

"चौकोनात. जिचं घर तिचं काम. तिच्याइतकी जवळची व्यक्ती दुसरी कोण आहे?"

"सर, पण त्या आपल्या झाडावर नाहीत."

"मग चढवू."

सोयराबाईंना नोकरी लागली. पद: अडथळा निवारण सहायक, हंगामी. पितळेचं टोकन मिळालं, कँटीनचं जेवण मिळालं. मी नेमणुकीचा मजकूर मराठीत समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी तो दोनदा सांगायला लावला.

"म्हणजे माझं घर पाडायचं काम माझं?"

"हो."

"दुसरा कोण पाडणार नाही?"

"दुसऱ्याला पाडताच येणार नाही. एका चौकोनात एकच नाव."

"आणि मी नाही पाडलं तर?"

"उशीर झाला असा शेरा बसेल."

सोयराबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी अंगठा नाही, चांगली मोडीत सही केली. "सरी," त्या म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक. "बसू दे शेरा. शेरा काय कौलं फोडतो काय?"

तक्ता भरला. पोलाद सुटलं.

दर सोमवारच्या बैठकीला त्या यायला लागल्या. खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. मामा एकेक नाव पुकारायचे आणि प्रगती विचारायचे.

"सोयराबाई?"

"स्वल्प उशीर आहे, अण्णा."

पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या. पण त्या शेजारच्यांचं ऐकत होत्या. पुढच्या वेळी नंदकिशोरने सिमेंटची वॅगन येलहंक्याला अडकल्याचं सांगितलं, तसं त्यांनीही सांगितलं.

"तुमची कसली वॅगन?" मामांनी विचारलं.

"ह्यांची अडकते तर माझी का नको?"

त्यानंतर भिंती ओल्या असल्याचं आलं. ओल्या भिंतीला हात लावला तर कामाचा दर्जा राहत नाही. मग आषाढ आला, मग कौलांवर चिमणीची पिल्लं आली. मामा सगळं लिहून घ्यायचे, कारण बाकीच्यांचीही कारणं फार वेगळी नसायची. आमच्या कचेरीत महिन्याभरात इतकी मुरलेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही.

मग लाल रेघ आली.

हीसुद्धा कोर्सचीच. कोणतं काम अडलं की पुढचं कोणतं अडतं, अशी सगळ्यात लांब साखळी शोधायची आणि तिच्यावरून लाल पेन्सिल फिरवायची. मी फिरवली. ती दिल्लीहून निघाली, पोलादावरून आली, पायावर उतरली, आणि सोयराबाईंच्या स्वयंपाकघरातून भट्टीकडे गेली.

नंदकिशोर हुशार. त्याच्या लगेच लक्षात आलं. त्याच्या पायाचा फक्त एक कोपरा घराखाली येत होता, बाकीचे तीन मोकळे होते आणि तसेच पडले होते. पुढच्या बैठकीत त्याने सांगितलं, "पाया थांबला आहे. कारण: घराचा चौकोन. जबाबदार: सोयराबाई." विश्वासरावांचं कुंपण रखडलं होतं, कारण: घराचा चौकोन. विजेचे खांब, पाण्याचा नळ, भट्टीच्या विटा, ज्याचं ज्याचं काही राहिलं होतं त्याने ते आणून सोयराबाईंच्या दाराशी ठेवलं. आठवड्याभरात सगळ्या कारखान्यात उशीर झालेली व्यक्ती एकच उरली.

सोयराबाईंची त्या दिवशी वॅगनही अडकली नाही.

आणि कंत्राटदाराने माती वाहणाऱ्या मजुरांना घरी बसवलं.

मी सोयराबाईंच्या ओट्यावर बसलो असताना प्रेमा आली. ती मजुरांतली. तिचं तान्हं पोर एरवी चिंचेला बांधलेल्या झोळीत असायचं, आज काखेत होतं. कँटीनमध्ये उरलेला भात सोयराबाई तिलाच द्यायच्या.

"अज्जी, आजही काम नाही म्हणाले," प्रेमा कानडीत म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मेस्त्री. मी विचारलं, कुणामुळं? तर तुमचं नाव सांगितलं." ती ओट्याच्या कडेला टेकली. "मी म्हटलं, खोटं बोलतोस. अज्जी कशाला आमचं काम अडवतील? तर त्याने तक्ता दाखवला. मला वाचता येत नाही. रेघ तेवढी दिसली."

तिचा आवाज चढला नव्हता. ती भांडायला आलीच नव्हती. पोर रडायला लागलं तशी उठून गेली. ताकाला हात लावला नाही.

सोयराबाईंनी तिच्यासाठी आणलेलं ताक आत नेऊन ठेवलं. येलहंक्याच्या हवाई तळावरचं एक विमान आलं आणि गेलं.

"तम्मा, पोलीस आले तेव्हा मी जात्यापाशी बसले. ऊठ म्हणाले, उठले नाही. सायेब आला, उठले नाही. आता ऊठ म्हणून कोणच म्हणत नाही बघ. माझंच नाव मला उठवतंय."

मी पेन्सिलीला टोक करत होतो. तिला टोक होतंच.

"ते झाड असतंय ना तुमचं," त्या म्हणाल्या. "ह्या घराचं काढ एक. एकदम पाडायचं म्हटलं की छातीत दुखतंय. बारीक बारीक करून दे."

कागद नव्हता, म्हणून चुलीतला कोळसा घेऊन मी भिंतीवरच काढलं. वर घर. खाली कौलं, वासे, भिंती, चूल, जातं, दार. प्रत्येकाखाली नाव लिहायचं होतं.

"सगळीकडे माझंच लिही," त्या म्हणाल्या. मी लिहीत गेलो. दारापाशी आलो तेव्हा त्यांनी हात धरला. "तिथं नको."

"चौकोन रिकामा चालत नाही, अज्जी."

"मग कृष्णाजी लिही."

"तो झाडावर नाही."

"तुमच्या नसेल. हे माझं झाड आहे."

मी कृष्णाजी लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सोयराबाई घरावर चढल्या. आधी कौलं. एकेक उतरवून, पुसून, रचून ठेवायच्या, जणू दुसरीकडे घालायची आहेत. प्रेमा न सांगता आली आणि खाली उभी राहून झेलायला लागली. वासे उतरले. मग भिंती. ज्या भिंतीवर आराखडा होता ती त्यांनी शेवटी ठेवली, पण पडायची ती पडली. त्यामुळे आमच्या कारखान्यात कामाबरोबर आराखडाही पुरा झाल्याचा तो एकच प्रसंग. चूल त्यांनी पाणी शिंपडून फोडली. जातं उचलून मजुरांच्या पत्र्याच्या खोपीत नेलं, आणि त्याच्यामागून आपलं अंथरूण.

सोमवारी त्या सांगायच्या, "वीस टक्के." पुढच्या सोमवारी, "चाळीस." मामांचा चेहरा उजळायचा. सगळ्या ओतशाळेत ठरल्या वेळेला पुढे सरकणारं काम हे एकच होतं. लाल रेघ त्यांना सोडून नंदकिशोरकडे गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. कंत्राटदाराने मजुरांना परत बोलावलं. विश्वासरावांनी कुंपणाची उंच भिंत घातली, मोठं फाटक लावलं, आणि फाटकावर देवाप्पा नावाचा नवा पहारेकरी बसवला. देवाप्पा चन्नपट्टणचा, या भागात नवा. त्याच्या केबिनमध्ये भिंतीवर नकाशा टांगला.

शेवटी दार राहिलं. चौकट आणि दोन फळ्या, मधोमध, कशालाही न टेकता. आजूबाजूला खणलेली माती. मजूर त्याला वळसा घालून जायचे. प्रेमाचं पोर तेवढं त्याच्यातून रांगत जायचं.

"सोयराबाई?"

"पंच्याण्णव टक्के, अण्णा."

"वा! आणि उरलेले पाच?"

"ते माझे नाहीत. कृष्णाजीचे आहेत. एका चौकोनात एकच नाव, तुम्हीच सांगिटलं. दुसऱ्याला हात लावता येत नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. नियम त्यांचाच होता, अमेरिकेहून आणलेला, आणि त्याला अपवाद नव्हता. तो त्यांनी स्वतःच आम्हाला अनेकदा बजावला होता. नंदकिशोर म्हणाला की दार त्याच्या पायात येत नाही, दोन भट्ट्यांच्या मधल्या वाटेवर येतं, राहू दे. मग मामा उभे राहिले. म्हणाले, या प्रकल्पात जबाबदारी म्हणजे काय हे शिकायचं असेल तर या बाईंकडून शिका. आणि टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. सोयराबाईंनी खुर्चीवरची मांडी सोडून पाय खाली घेतले आणि पदर सारखा केला.

त्याच्या पुढच्या सोमवारी विश्वासरावांनी आपल्या खात्याची प्रगती सांगितली. कुंपण पुरं. फाटक पुरं. पहारा चोख.

"मागल्या सोमवारी एक अनधिकृत इसम आला होता. जुनं घर विचारत होता. आपल्याला काळजीच होती की कुणीतरी हक्क सांगायला येईल. नियमाप्रमाणे परत पाठवला."

"छान," मामा म्हणाले. "पुढे?"

"थांबा, अण्णा," सोयराबाई म्हणाल्या. "कसला इसम?"

विश्वासरावांना ठाऊक नव्हतं. देवाप्पाला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

"खाकी कोट होता," तो म्हणाला. "एवढ्या उन्हात. एक बाही खिशात खोचलेली."

"उंच?"

"मी स्टुलावर बसलेलो, अज्जी. मला सगळेच उंच दिसतात."

"काय म्हणाला?"

"मोहित्यांचं घर कुठं म्हणाला. मी म्हटलं, इथं घर नाही. कधीच नव्हतं. आम्हाला तसंच सांगायला सांगितलंय." त्याने विश्वासरावांकडे बघितलं. विश्वासराव पावती शोधत असल्यासारखे खिसे चाचपत होते. "तो म्हणाला, होतं. तळ्याकडे. मग मी त्याला केबिनमध्ये घेतला आणि नकाशा दाखवला."

"मग?"

"बघितला त्याने. बराच वेळ बघितला. बोट फिरवलं. मग म्हणाला, सरी. आणि गेला."

"कुठं गेला?"

"बस आली, त्यात गेला."

"तू ते दार बघितलं नव्हतंस?" मी विचारलं. "आतलं, मधोमध उभं?"

"बघितलं होतं की, सर. मला वाटलं आपल्या ओतशाळेचं आलंय. बाकीचं यायचंय."

"मला बोलवायचं नाहीस?" सोयराबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कशाला, अज्जी?" देवाप्पा खरोखरच गोंधळला. त्याने सोयराबाईंना कँटीनमध्ये रोज पाहिलं होतं. त्यांचं पद त्याला तोंडपाठ होतं. आडनाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. "आणि तुम्ही सगळे इथं बैठकीत होता. आतून टाळ्या ऐकू येत होत्या."



मग जे करता येण्यासारखं होतं ते सगळ्यांनी केलं. मी बसच्या कंडक्टरांना विचारत फिरलो; शहरात खाकी कोट पुष्कळ होते. नंदकिशोर, ज्याच्या खात्यात पाडणं येत नव्हतं, तो आपणहून सैन्याच्या कचेरीत जाऊन आला. तिथे कृष्णाजी अजून बेपत्ताच होता. आलेला तो कृष्णाजी होता, की कृष्णाजीची खबर घेऊन आलेला दुसरा कुणी, हे तिथेही कुणाला सांगता आलं नाही. विश्वासरावांनी देवाप्पाला काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा सोयराबाईच आडव्या आल्या. "त्याला काढून काय? त्याने त्याचा चौकोन भरला."

पुढच्या सोमवारी त्या आल्या आणि मांडी न घालता बसल्या.

"अण्णा, माझा एक चौकोन काढा. नवा."

"कशाचा?"

"माणूस शोधणे, एक."

मामांनी चष्मा काढला आणि परत लावला. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. ओतशाळेच्या झाडाला ती फांदी कुठूनही फुटत नव्हती. त्यांनी मला तक्ता पसरायला सांगितला. घराच्या चौकोनाखाली मी एक लहान चौकोन काढला आणि लिहिलं.

"कुणाचं नाव?" मामांनी विचारलं.

नंदकिशोर म्हणाला की तो पुन्हा जाऊन येईल, पण बांधकामाकडे हे काम लिहिता येणार नाही. विश्वासराव म्हणाले, पहारा फाटकापर्यंत. फाटकाबाहेरचं जग त्यांच्याकडे नाही. विजेचे साहेब, पाण्याचे साहेब, सगळ्यांनी माणसांच्या झाडाकडे बघितलं, वरून खालपर्यंत. शेवटी सगळ्यांची नजर तळाला आली. तिथे मी होतो, आणि माझ्या शेजारी सोयराबाई.

मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होतो ते आता सांगून उपयोग नाही.

"माझंच लिही, तम्मा," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाचं लिहिणार?"

मी लिहिलं.

दार अजून आहे. ओतशाळा त्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढते आहे, आणि भट्टीचे कारागीर डबे आणून त्याच्या उंबऱ्यावर जेवतात. देवाप्पाच्या केबिनबाहेर आता आणखी एक स्टूल आहे. सोयराबाई बस आली की उठून उभ्या राहतात, आणि बस गेली की बसतात. नकाशा विश्वासरावांनी उतरवलेला नाही; तो बरोबर आहे, त्यांचं म्हणणं. आता तर खरंच बरोबर आहे.

सोमवारी मामा नावं पुकारतात. तळाशी आले की त्यांचा आवाज कचेरीतून घरात उतरतो, आणि ते मराठीत विचारतात.

"सोयराबाई, काही कळलं?"

"स्वल्प उशीर आहे, अण्णा."

मामा लिहून घेतात.